शिडावरचा आकडा

माझी बायको ओनोरीन गेली त्या दिवशी मी तिच्याशी खोटं बोललो. ते खोटं खरं करायला माझ्या हातात एक वर्ष होतं.

आधी नवसाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

दहा वर्षांपूर्वी मी चौदा नंबरच्या पायलट बोटीवर होतो. ल आव्रच्या बंदरात मोठं जहाज आपलं आपण येत नाही. बाहेर जाऊन त्याच्यावर वाटाड्या चढवावा लागतो आणि तो आमच्यासारख्या छोट्या शिडाच्या बोटीतून जातो. प्रत्येक बोटीच्या शिडावर तिचा आकडा असतो. पुरुषभर उंच, काळा, लांबून वाचता यावा असा. चौदाचा आकडा दर वसंतात मीच रंगवायचो.

त्या नोव्हेंबरात वादळ आलं तेव्हा आम्ही आणि बावीस नंबर अशा दोन बोटी बाहेर अडकल्या. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही आत आलो. बावीस आली नाही. तिच्यावर चार माणसं होती, त्यांत एक माझा सोबती ओबेर.

घरी येऊन मी जोडे काढत होतो तेव्हा ओनोरीन म्हणाली, "मी माउलीला बोटीचं चित्र बोललेय."

टेकडीवर दर्यावर्दींचं चॅपेल आहे. त्याच्या भिंती अशा चित्रांनी भरलेल्या आहेत. बोट, लाटा, कोपऱ्यातल्या ढगात मारियामाता आणि खाली नाव-तारीख. नवस कुणीही बोलावा, पण चित्र वाहून न्यायचं ते वाचलेल्या माणसानं, अनवाणी. अशी रीत आहे. म्हणजे ओनोरीनचा नवस माझ्या पायांवर अवलंबून होता.

मी म्हणालो, "सुकाणू तीन दिवस मी धरलं. हातांची सालं निघाली ती माझ्या. आणि चित्र तिला?"

"तिलाच."

"बघू पुढच्या वर्षी."

असं मी नऊ वेळा म्हणालो. मधे माझा पाय दोरात सापडून मोडला आणि मला बोट सोडून गोदीच्या तोंडावरच्या फिरत्या पुलाची राखण मिळाली. भरतीला पूल उघडायचा, ओहोटीला मिटायचा. पुलाशेजारीच राहायला घर, वर एक खोली, तिला मोठी खिडकी. ओनोरीन कॉफी निवडायच्या गोदामात जायची. पंचवीस वर्षं त्या पोत्यांची धूळ तिनं छातीत घेतली. शेवटच्या हिवाळ्यात ती धूळ बाहेर यायला लागली.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, शेवटच्या दिवशी, तिनं विचारलं, "चित्राचं काय झालं?"

"लावलं," मी म्हणालो. "मागच्याच आठवड्यात नेलं. तू झोपली होतीस."

"कुठे लावलं?"

"डाव्या भिंतीवर. खिडकीजवळ."

"बरं झालं," ती म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही.

तिची धाकटी बहीण झेली खोलीतच होती. तेव्हा गप्प राहिली. प्रेत न्यायच्या आधी मला जिन्यात गाठून म्हणाली, "भावोजी, मी दर शुक्रवारी टेकडीवर चॅपेलात जाते. डाव्या भिंतीवर खिडकीजवळ छत्र्या ठेवतात."

मी मान खाली घातली.

"मी तिला बोलले नाही. मरताना तरी सुखानं मरू दे म्हटलं. पण वर्ष झाल्यावर चॅपेलात तिच्यासाठी मिस्सा होईल, तेव्हा भिंतीवर चित्र दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर सगळ्या धक्क्याला सांगेन आर्सेन दुबोक कसला माणूस आहे ते. तोवर तुमच्या घरात पाऊल टाकणार नाही."

आणि तिनं खरंच टाकलं नाही.

मी जहाजांची चित्रं काढणाऱ्या म्हाताऱ्या ग्रासेकडे गेलो. त्याच्या हातची निम्मी चित्रं चॅपेलात आहेत. दोर मोजून घ्यावेत अशी. तो दारात उन्हाला बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"कोण आहे?"

"दुबोक. चौदा नंबर."

"उशीर केलास रे चौदा नंबर," तो म्हणाला. "आता मला माझी बायको आणि कपाट यांत फरक दिसत नाही. कपाट ओरडत नाही, त्यावरून ओळखतो."

मग ऑक्टोबरात कुर्तिये नावाचा चित्रकार आला. दाढी रंगानं माखलेली, बगलेत चार-पाच कॅनव्हास. त्याला माझी वरची खोली हवी होती. खोली कसली, खिडकी हवी होती.

"भाडं सांगा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "भाडं नको. एक चित्र द्या. चौदा नंबरची बोट बंदरात येतेय, असं."

"मी मागणीप्रमाणे काढत नाही, दुबोकबाबा."

"मग दुसरी खिडकी बघा."

त्यानं वर जाऊन बाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं. खाली येऊन म्हणाला, "बोट येईल चित्रात. ती कशी येईल ते मला विचारायचं नाही."

मी हो म्हटलं. मला चित्र हवं होतं.

त्याची काम करायची तऱ्हा मी आजवर कुठे पाहिली नव्हती. ग्रासे घरात बसून, पट्टी लावून काढायचा. हा पहाटे यायचा, खिडकीशी ओळीनं कॅनव्हास लावायचा आणि प्रत्येकाला आपापली घटका. धुक्याचा एक, धुकं फिटतं त्या वेळेचा एक, भरतीचा एक. ऊन थोडं सरकलं की चालू चित्र बाजूला टाकून दुसरं घ्यायचा. आणि भलत्या वेळी सूर्य निघाला की त्याला आईबहिणीवरून शिव्या.

"अहो, सूर्य आहे तो," मी म्हणायचो. "लोक त्याची वाट बघतात."

"मी नाही बघत. माझं धुकं खाल्लं त्यानं."

मी त्याला कॉफी नेऊन द्यायचो, त्यात सफरचंदाच्या दारूचा थेंब. तो गेल्यावर खोलीत तेलाचा वास राहायचा. ओनोरीन गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचा तरी वास होता. मला तो आवडायला लागला होता.

माझी बोट धुक्याच्या चित्रात होती. जवळून बघितलं तर राखाडी, निळसर, थोडे गुलाबी फटकारे. चार पावलं मागे गेलं की बंदर. क्रेनी, धुराडी, जेट्टीवर उभी माणसं, सगळं धुक्यात अर्धं विरघळलेलं. मधे एक करडं शीड.

जानेवारीत मी म्हणालो, "साहेब, आता आकडा घाला."

"कुठला आकडा?"

"चौदा. शिडावर."

"मला नाही दिसत."

"मला दिसतो."

"तुम्हाला तो माहीत आहे," कुर्तिये म्हणाला. "दिसत नाही. या धुक्यात एवढ्या लांबून कुणालाच दिसणार नाही. खिडकीत उभे राहा आणि खरं सांगा."

मी उभा राहिलो. खरं तर दिसत नव्हता. पण तसं म्हणालो नाही.

"दोर तरी घाला. आठ दोर असतात."

"आठ असोत की ऐंशी. दिसला तर एक दोर घालीन."

"मग माउलीला कळणार कसं, कुणाची बोट ते?"

तो हसला. वाईट नाही हसला. "तिलाही धुक्यातलं दिसत नसेल तर ती कसली माउली?"

महिना संपताना त्यानं ते चित्र माझ्या हातात दिलं. म्हणाला, "पाचांत हेच जमलंय. हेच देतोय, समजलं ना? दुसरं खपवत नाहीये." तो खोटं बोलत नव्हता. चित्राकडे बघताना त्याचा चेहरा पोरगी सासरी धाडताना बापाचा होतो तसा झाला होता.

मिस्सेला आठ दिवस उरले होते. मी चित्र चादरीत गुंडाळलं, जोडे काढून गळ्यात अडकवले आणि टेकडी चढलो. जमीन गोठलेली. मोडका पाय प्रत्येक पायरीला कळ द्यायचा. वाटेत कुणीतरी टोपी काढली. मला वाटलं, चला, झालं एकदाचं.

चॅपेलाची देखभाल बोनिफास बघतो. तो पूर्वी जहाजावर होता, जीभ अजून तिथलीच आहे. त्यानं चादर बाजूला केली.

"हे काय? धुकं आणलंस? धुकं इथं फुकट मिळतं, दुबोक."

"बोट आहे त्यात."

"कुठे? अच्छा, हा डाग. उलटं नाही ना धरलेलं?"

फादरना बोलावलं. फादर शांत माणूस. त्यांनी चित्र उजेडात धरलं, जवळ घेतलं, लांब धरलं.

"सुंदर असेलही," ते म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही. पण दुबोक, इथे येणाऱ्याला कळायला हवं की कोण वाचलं. ही बोट कुणाचीही असू शकते."

"चौदा नंबरची आहे, फादर."

"मग ते कुठे लिहिलंय?"

मी चादर पुन्हा गुंडाळायला लागलो.

"तेवढं करून आणा. नाव, तारीख आणि आकडा. भिंत तयार आहे."

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी ते चित्र खालच्या खोलीत टेबलावर आडवं ठेवलं. माळ्यावरून शिडाच्या काळ्या रंगाचा डबा काढला, दोन बारीक कुंचले धुऊन घेतले. आधी आकडा काढला. एक आणि चार, सरळ, कडा धारदार, जसा मी दर वसंतात काढायचो तसा. पण तो आकडा त्या अस्पष्ट शिडावर लटकल्यासारखा दिसायला लागला. म्हणून शिडाची कड ओढली. शिडाला कड आली तर डोलकाठी पुसट वाटायला लागली. ती सरळ केली. मग दोर ओढले, आठच्या आठ, ज्याची गाठ जिथं तिथं. पुढच्या काठीचा कोन त्यानं चुकवला होता, तोही सुधारला. शेवटी खाली पांढऱ्यानं लिहिलं : ओनोरीन दुबोकचा नवस, आणि त्या नोव्हेंबरातली तारीख.

हात जराही कापला नाही. त्या वर्षातली तेवढी एक दुपार मला जड गेली नाही.

सोमवारी कुर्तिये आपलं सामान न्यायला आला. चित्र चुलीजवळ वाळत होतं. तो त्याच्यासमोर उभा राहिला. मी कौतुकाची वाट बघत होतो, आता लपवून काय उपयोग.

"हे कुणी केलं?"

"मी. फादरनी सांगितलं म्हणून. तुमचं बाकीचं काही हलवलं नाही. पाणी आहे तसं आहे."

त्यानं वाकून आकडा जवळून बघितला.

"अक्षर छान आहे तुमचं," शेवटी म्हणाला. वर गेला, बाकीचे कॅनव्हास बांधले, खिडकी लावून घेतली. जाताना हात मिळवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्याची दुपारची गाडी होती. मला वाटलं, शहरातली माणसं असतात लहरी.

चित्र मी पुन्हा अनवाणीच नेलं. फादरनी मान डोलावली. बोनिफासनं डाव्या भिंतीवरच्या छत्र्या हलवून खिडकीजवळ खिळा ठोकला. "आता कसं," तो म्हणाला. "आता आंधळ्यालाही कळेल."

मिस्सेच्या दिवशी मी लवकर गेलो. कॉफी निवडणाऱ्या बायका आल्या, पुलावरचे दोघे आले. झेली आली, तिनं भिंतीकडे बघितलं आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "लावलंत एकदाचं."

मग सिदोनी आली. बावीस नंबरवरच्या ओबेरची विधवा. ती ओनोरीनबरोबर एकाच टेबलावर कॉफी निवडायची. दाराशी तिनं पवित्र पाण्यात बोटं बुडवली, क्रूस केला आणि चित्र बघितलं. ती थोडी पुढं आली. तिला वाचता येत नाही, पण बोटींचे आकडे धक्क्यावरच्या सगळ्या बायकांना येतात. तिचे ओठ हलले. मग ती वळली आणि मिस्सा सुरू व्हायच्या आधी निघून गेली.

"हिला काय झालं?" मी झेलीला विचारलं.

झेली उठून चित्रापाशी गेली. मीही गेलो. तिनं आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकानं शीड झाकलं, दोर झाकले, आणि मागचं धुकं, जेट्टी, जेट्टीवरची ती पुसट माणसं बघत राहिली.

"भावोजी, हे कुणी काढलं?"

"खिडकीत बसायचा त्या चित्रकारानं."

"त्या सकाळी होता तो इथं?"

"कुठल्या सकाळी? गेल्या महिन्यात काढलंय."

"असंच होतं," झेली म्हणाली. "अगदी असं. मी ओनोरीनच्या डाव्या हाताला होते, सिदोनी उजव्या. तीन दिवस झाले होते. धुक्यातून एक शीड यायला लागलं. एकच. बाहेर बोटी दोन. आकडा काही दिसेना. बायका ओरडायला लागल्या, चौदा आहे, नाही बावीस आहे. एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या. सिदोनी म्हणाली, बावीसच आहे, शीड ओळखते मी. आणि ओनोरीननं तिचा हात धरला."

"मग?"

"मग ती मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माउली, ही बोट आत आण, आकडा कुठलाही असो, मी तुला हिचं चित्र देईन. सिदोनीनं तिच्या हातावर हात ठेवला. तासभर दोघी तशाच उभ्या होत्या. नंतर धुकं फिटलं आणि तुमचा आकडा दिसला."

"मला हे कधी बोलली नाही ती."

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही म्हणालात सुकाणू मी धरलं."

तिनं पुस्तक काढून घेतलं. आकडा पुन्हा दिसायला लागला. काळा, सरळ.

"आकडा नव्हता तेव्हा हे तिचं होतं," झेली म्हणाली. "आणि सिदोनीचंही. ती दर वर्षी म्हणायची, आमचं चित्र कधी लागतंय गं? आमचं म्हणायची. आता तुमचं झालं. लागलं, चांगलं झालं. पण ओनोरीनचा नवस काही फिटला नाही."

फादर वेदीवर आले होते. आम्ही जागेवर जाऊन बसलो. त्यांनी ओनोरीनचं नाव घेतलं, मला ऐकू आलं. बाकीचं काही आलं नाही.

मिस्सा झाल्यावर मी बोनिफासला म्हणालो, "चित्र उतरव. मला आकडा पुसायचाय."

"वेड लागलं का? सगळ्यांत स्वच्छ आकडा आहे इथला."

"टर्पेंटाइननं निघेल."

"अरे, त्याखालचा रंगही ओलाच असेल. चौदाबरोबर बोटही जाईल," तो म्हणाला. "आणि माउलीला वाहिलेलं परत मागतात का कुठे? जा घरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉफीच्या गोदामात गेलो. लांब टेबलाशी बायका रांगेनं बसलेल्या, हात भराभर चालताहेत, काळं बी बाजूला, चांगलं बी टोपलीत. ओनोरीनच्या जागी एक नवी पोर होती. सिदोनी तिच्या पलीकडे. मी टोपी काढून उभा राहिलो. बाकीच्या बोलायच्या थांबल्या.

"सिदोनीबाई," मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं. झेलीनं काल सांगितलं. मी चित्रकाराला पॅरिसला पत्र लिहितो. दुसरं काढून मागतो, आकड्याशिवाय."

तिचे हात थांबले नाहीत.

"कशाला?" ती म्हणाली. "बरोबर लिहिलंय तुम्ही. चौदाच आली होती."

तिनं एक काळं बी उचललं आणि बाजूला टाकलं. मी अजून उभाच होतो, तेव्हा तिनं मान वर केली.

"सरका जरा, दुबोक," ती म्हणाली. "उजेड अडतोय."